बापाच्या मांडीवरचे पुस्तक

जुन्या पोथ्यांची बासने सोडून पाहण्याचा योग ज्यांना आला असेल, त्यांना ठाऊक असेल की अखेरच्या पानावर लेखनिकाने पोथीच्याच तोंडी एक विनवणी घातलेली असते : तेलापासून मला जप, पाण्यापासून जप, माझी बांधणी सैल होऊ देऊ नकोस आणि मूर्खाच्या हाती मला देऊ नकोस. परक्याच्या हाती गेलेले पुस्तक परत येत नाही, आणि आलेच तर झिजून-फाटून येते, असा इशारा आपल्या सुभाषितकारांनीही देऊन ठेवला आहे. महिनेन् महिने बोरू चालवून जेव्हा एक प्रत सिद्ध होत असे, त्या काळी ही सावधगिरी सर्वथा रास्त होती. तथापि काही ग्रंथांची जातच अशी असते की, परहस्ते गेल्यावाचून त्यांचे खरे आयुष्य सुरूच होत नाही. हार्पर ली या अमेरिकन लेखिकेची ११ जुलै १९६० रोजी प्रसिद्ध झालेली ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ ही कादंबरी या जातीची आहे.

मी ती प्रथम वाचली ती एका तालुक्याच्या गावच्या वाचनालयातल्या प्रतीवरून. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला मुदतीची चिठ्ठी डकवलेली होती आणि तिच्यावर जांभळ्या शाईच्या शिक्क्यांच्या दोन रांगा भरून तिसरी सुरू झाली होती. शेवटच्या प्रकरणात बाप जखमी मुलाच्या उशाशी रात्रभर बसून राहतो, त्या पानाचा कोपरा तीन निरनिराळ्या जागी दुमडल्याच्या खुणा होत्या. म्हणजे माझ्या आधी निदान तीन माणसे त्या पानावर थबकली होती. ती कोण होती हे वाचनालयाच्या दप्तरात शोधता आले असते. पण मला त्याची आवश्यकता वाटली नाही. पुढच्या वाचकासाठी चौथी घडी घालून मी ती प्रत परत केली.

या कादंबरीची ओळख सामान्यतः वर्णद्वेषावरची आणि न्यायालयावरची कादंबरी अशी करून दिली जाते, आणि ती ओळख खोटी नाही. १९३० नंतरच्या मंदीच्या वर्षांत अलाबामा राज्यातील मेकोम नावाच्या कल्पित गावी टॉम रॉबिन्सन या कृष्णवर्णीय मजुरावर एका गोऱ्या मुलीवर बलात्कार केल्याचा खोटा आळ येतो, अ‍ॅटिकस फिंच हा गोरा वकील त्याचे वकीलपत्र घेतो, आरोपीचे निरपराधित्व उघड दिसत असताही पंच त्याला दोषी ठरवितात, हे तिचे ठळक कथानक. परंतु खटला उभा राहण्यापूर्वी निम्मी कादंबरी होऊन गेलेली असते, आणि त्या निम्म्या भागात काय आहे असे विचारले तर एका घराखेरीज दुसरे फारसे काही नाही. त्या घरात पन्नाशीला टेकलेला एक विधुर वकील आहे, जेम नावाचा दहा वर्षांचा मुलगा आहे आणि स्काउट नावाची सहा वर्षांची मुलगी आहे. मुलगी दोन वर्षांची असतानाच तिची आई हृदयविकाराने अकस्मात गेली. तिला आईची आठवणसुद्धा नाही. बापाने दुसरे लग्न केलेले नाही. मुले त्याला ‘बाबा’ म्हणत नाहीत, नावाने हाक मारतात.

आपल्या भाषेला अशा बापाची सवय नाही. पहिली बायको गेल्यावर दुसऱ्यांदा बोहल्यावर चढणाऱ्या पुरुषासाठी मराठीत ‘बिजवर’ असा स्वतंत्र शब्द आहे. पण जो पुन्हा बोहल्यावर न चढता दोन लेकरांच्या वेण्या घालीत आणि डबे भरीत राहिला, त्याच्यासाठी नाही. ‘माय मरो, मावशी उरो’ ही म्हण तर अधिकच बोलकी आहे, कारण तिच्यात बाप जिवंत असून हिशेबातच धरलेला नाही. आई गेली की मूल मावशीच्या, आजीच्या, आत्याच्या हवाली होणार, हा पिढ्यान् पिढ्यांचा शिरस्ता. मेकोम गावाची समजूतही याहून निराळी नव्हती, आणि म्हणूनच कथेच्या मध्यावर अ‍ॅलेक्झांड्रा नावाची आत्या, मुलीला बाईमाणसाचे वळण लागावे म्हणून, सामानसुमान घेऊन घरी मुक्कामाला येते. मराठी वाचकाला या आत्याबाईंची ओळख करून द्यावी लागत नाही.

हा बाप मुलांना वाढवितो तरी कसा, हे बारकाईने पाहू गेले की एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. तो शिकारीला जात नाही. शेजारपाजारच्या बापांच्या मानाने तो म्हातारा आहे, चष्मा लावतो, आणि मुलांना त्याची थोडी लाजही वाटते. तो एकच गोष्ट नेमाने करतो : संध्याकाळी मुलीला मांडीवर घेऊन वाचतो. जे हाताशी असेल ते वाचतो. वर्तमानपत्रातील बातम्या, विधिमंडळापुढे आलेल्या विधेयकांचे मसुदे, जुन्या धर्मोपदेशकाची रोजनिशी, असे काहीही. मुलीची नजर त्याच्या सरकत्या बोटाबरोबर ओळींवरून सरकत जाते आणि आपण वाचायला कधी शिकलो हे तिला स्वतःलाच सांगता येत नाही. शाळेच्या पहिल्याच दिवशी मास्तरीणबाईंना कळते की या मुलीला वाचता येते, तेव्हा त्या नाराज होतात आणि वडिलांना यापुढे शिकवू नकोस असे सांग, असे बजावतात. त्या रात्री मुलगी शाळेत जाणार नाही म्हणून हटून बसते, आणि वकील बाप ओसरीवरच्या झोपाळ्यावर बसून तिच्याशी रीतसर तडजोड करतो : तू शाळेत जावेस, आपण रोज रात्री पूर्वीप्रमाणेच वाचीत राहू, आणि या कराराची वाच्यता शाळेत करू नये.

एकदा हा धागा हाती लागला की तो सबंध कादंबरीभर सापडत जातो. शेजारच्या कजाग म्हातारीच्या बागेतली फुलझाडे मुलाने रागाच्या भरात छाटली, तेव्हा त्याला शासन मिळते ते तिच्या उशाशी बसून महिनाभर ‘आयव्हॅन्हो’ मोठ्याने वाचून दाखविण्याचे. ती म्हातारी मॉर्फिनचे व्यसन सोडण्यासाठी त्या वाचनाचा टेकू घेऊन एकेक घटका ढकलीत होती, हे मुलाला तिच्या मृत्यूनंतर कळते. टॉम रॉबिन्सनला मारावयास जमाव येणार अशी कुणकुण लागते, तेव्हा अ‍ॅटिकस बंदूक न घेता एक खुर्ची आणि एक लांब तारेचा दिवा घेऊन तुरुंगाच्या दाराशी जातो आणि त्या दिव्याच्या उजेडात वर्तमानपत्र वाचीत बसतो. आणि शेवटी, मुलांवर जिवावरचा हल्ला होऊन गेल्यावर, हा बाप जखमी मुलाच्या उशाशी बसून हाती येईल ती पोरवयाची गोष्ट वाचू लागतो, आणि त्याच्या गुडघ्याला डोके टेकलेली मुलगी ऐकता ऐकता झोपी जाते.

एकट्या बापाने आईची जागा कशी भरून काढली, या प्रश्नाचे हार्पर ली यांचे उत्तर मला असे दिसते : त्याने ती भरून काढण्याचा यत्न केला नाही, त्याने मुलांच्या आणि आपल्या मध्ये एक पुस्तक ठेवले आणि दोघांनाही त्या एका पानावर आणले. जी कादंबरी एकत्र वाचण्यालाच वात्सल्य मानते, ती वाचून झाल्यावर कपाटात ठेवून देणे वाचकाला जड जावे, ती दुसऱ्या कोणाच्या तरी हाती द्यावीशी वाटावी, हे मला अगदी स्वाभाविक वाटते.

तथापि येथे एक गोष्ट न सांगणे अन्यायाचे होईल. अ‍ॅटिकस ‘एकटा’ आहे हे अर्धेच खरे. त्या घरात कॅल्पर्निया नावाची कृष्णवर्णीय स्वयंपाकीण आहे. मुलांना न्हाऊमाखू घालणारी, दटावणारी, स्काउटला स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसवून अक्षर घोटायला लावणारी तीच. बापाला संध्याकाळी शांतपणे वाचीत बसता येते ते दिवसभर तिने केलेल्या कष्टांच्या जोरावर. पुढील काळातील अनेक कृष्णवर्णीय वाचकांनी असा आक्षेप घेतला की, या कादंबरीत कृष्णवर्णीयांचे दुःख दिसते, मन दिसत नाही. आणि तो आक्षेप मला बिनतोड वाटतो. पण या कादंबरीतील वाचनाचे सर्वांत सुंदर दृश्य त्याच कॅल्पर्नियाच्या वस्तीत घडते, हेही तितकेच खरे. ती मुलांना एका रविवारी आपल्या चर्चमध्ये नेते. तेथे स्तोत्रांची पुस्तके नाहीत, कारण त्या मंडळीत अक्षरओळख असणारी माणसे अवघी चार. कॅल्पर्नियाचा मुलगा झीबो पुढे उभा राहून आपल्या हातातल्या एका पुस्तकातून एक ओळ म्हणतो आणि सगळे चर्च ती गाते. तो दुसरी म्हणतो, सगळे दुसरी गातात. त्या झीबोला वाचायला शिकविले होते आईनेच, इंग्रजी कायद्यावरच्या एका जाडजूड ग्रंथावरून, जो तिला फिंच घराण्याच्या म्हाताऱ्या धन्याने दिला होता. ज्यांनी गावच्या देवळात श्रावणातली पोथी ऐकली आहे, एकाने वाचावे आणि ज्यांना अक्षर येत नाही अशा शंभरांनी ते पदरात घ्यावे हा प्रकार डोळ्यांनी पाहिला आहे, त्यांना अलाबामातले ते चर्च दूरचे वाटणार नाही.

लेखिकेच्या स्वतःच्या घरची हकीकत या कथेला फार जवळची आहे. २८ एप्रिल १९२६ रोजी अलाबामातील मन्रोव्हिल या छोट्या गावी त्यांचा जन्म झाला. वडील अमासा कोलमन ली हे वकील, गावच्या वर्तमानपत्राचे संपादक आणि राज्याच्या विधिमंडळाचे सभासद. वकिलीच्या आरंभीच्या काळात त्यांनी खुनाचा आरोप असलेल्या दोघा कृष्णवर्णीयांचे वकीलपत्र घेतले होते. त्या दोघांना फाशी झाली आणि वडिलांनी पुन्हा फौजदारी खटला हाती घेतला नाही. लेखिकेच्या बालपणी आई हयात होती, पण तिची प्रकृती वर्षानुवर्षे ठीक नसे. कादंबरीत आईला मृत दाखवून लेखिकेने सगळे घर बापाच्या माथी दिले. पण बापाला आडनाव मात्र दिले ते आईच्या माहेरचे. आईचे माहेरचे नाव फिंच होते.

पुढे न्यूयॉर्कमध्ये एका विमान कंपनीत तिकिटांची नोंदणी करीत हार्पर ली उरल्या वेळात लिहीत असत. १९५६ च्या नाताळात मायकेल आणि जॉय ब्राउन या स्नेही दांपत्याने त्यांच्या हाती एक पाकीट ठेवले. त्यात वर्षभराच्या पगाराइतकी रक्कम होती आणि वर्षभर नोकरी सोडून हवे ते लिहावे असा मजकूर होता. कादंबरी सिद्ध झाली, १९६१ मध्ये तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले, आणि तिची अर्पणपत्रिका त्यांनी वडिलांच्या व वडील बहिणीच्या नावे लिहिली ती दस्तऐवजाच्या भाषेत. आपल्याकडे बक्षीसपत्रात ‘प्रेमापोटी व मायेपोटी’ दिले असे लिहितात, त्याच अर्थाचे ते शब्द आहेत. बहीण अ‍ॅलिस यादेखील वकील होत्या. कायद्याच्या त्या ठरीव शब्दांतले मार्दव त्या घरातल्या माणसांना जसे कळले असेल तसे इतरांना क्वचितच.

कादंबरीत आजोबांचे खिशातले घड्याळ अ‍ॅटिकस आठवड्यातून एक दिवस मुलाला वापरू देतो, आणि त्या दिवशी मुलगा जपून जपून पावले टाकतो. कादंबरीवरचा चित्रपट पडद्यावर येण्यापूर्वीच, १९६२ च्या एप्रिलमध्ये, अमासा ली वारले. त्यांचे खिशातले घड्याळ हार्पर ली यांनी अ‍ॅटिकसची भूमिका केलेल्या ग्रेगरी पेक यांना दिले, आणि पुढच्या वर्षी उत्कृष्ट अभिनयाचे ऑस्कर घेताना ते पेक यांच्याजवळ होते.

हे पुस्तक वाचकांच्या हातोहात कसे गेले त्याचा पहिला ठळक दाखला १९६६ च्या जानेवारीतला आहे. व्हर्जिनिया राज्यातील हॅनोव्हर परगण्याच्या शालेय मंडळाचा एक सभासद व्यवसायाने डॉक्टर होता. आपल्या मुलाच्या हाती त्याला ही कादंबरी दिसली. त्याने ती अनीतिकारक ठरविली, आणि मंडळाने ती शाळांच्या ग्रंथालयांतून काढून टाकण्याचा ठराव केला. जवळच्या रिचमंड शहरातील ‘न्यूज लीडर’ या पत्राने एक निधी पुकारला आणि पत्र पाठविणाऱ्या विद्यार्थ्यांना ही कादंबरी फुकट देण्याचे जाहीर केले. विशेष असे की, त्या पत्राचे संपादक जेम्स किल्पॅट्रिक हे स्वतः काळ्या-गोऱ्या मुलांनी एका शाळेत शिकू नये या मताचे प्रसिद्ध पुरस्कर्ते होते. पण मुलांच्या हातचे पुस्तक हिसकावून घ्यावे हे त्यांनाही पटले नाही. हार्पर ली यांनी त्या निधीसाठी थोडी रक्कम धाडून सोबत एक पत्र लिहिले. मंडळाच्या सभासदांना पहिल्या इयत्तेत घालण्यासाठी या पैशाचा विनियोग व्हावा, असे त्यात सुचविले होते. स्वतःविषयी फारसे न बोलणाऱ्या लेखिकेने असे जाहीर पत्र लिहावे, यावरून घाव किती वर्मी लागला होता हे दिसते. मला मात्र त्या हकीकतीत पुनःपुन्हा आठवतो तो डॉक्टर बाप. मुलाच्या हातातले पुस्तक त्याने पाहिले, पण शेजारी बसून ते मुलाबरोबर वाचले नसावे.

पुढे सबंध शहराने मिळून एकच पुस्तक वाचावे अशी कल्पना निघाली. सिएटल शहरात नॅन्सी पर्ल या ग्रंथपालबाईंनी १९९८ मध्ये ती प्रथम अमलात आणली आणि त्यासाठी रसेल बँक्स यांची ‘द स्वीट हिअरआफ्टर’ ही कादंबरी निवडली. शाळेची बस अपघातात सापडून एका खेड्यातली चौदा मुले दगावतात, त्याची ही कथा. आणि ती सांगणाऱ्या चौघांपैकी एक, बिली अ‍ॅन्सेल, हा जुळ्या मुलांना एकट्याने वाढविणारा विधुर आहे, जो रोज सकाळी आपल्या गाडीने त्या बसच्या मागे मागे मुलांना हात हलवीत जात असतो. इतके दुःख एकट्याने वाचणे कठीणच. गावाने मिळून वाचले तर ते पेलता येईल, असा त्या निवडीमागे विचार होता की काय नकळे, पण परिणाम तसा झाला असावा असे मला वाटते.

२००१ मध्ये शिकागो शहराने हाच उपक्रम हाती घेतला तेव्हा पहिला मान ‘मॉकिंगबर्ड’ला मिळाला. सार्वजनिक ग्रंथालयाने हजारोंनी प्रती मागविल्या आणि वाचकांना छातीवर लावायला मॉकिंगबर्ड पक्ष्याच्या आकृतीची छोटी टाचणी दिली. हेतू हा की, आगगाडीत किंवा रांगेत शेजारच्या माणसाच्या कोटावर ती टाचणी दिसली, तर हाही आपल्याबरोबर तेच पुस्तक वाचतो आहे हे ओळखू यावे आणि दोन अनोळखी माणसांनी बोलायला सुरुवात करावी. जिथे काळे आणि गोरे आजही पुष्कळसे निराळ्या वस्त्यांत राहतात, अशा शहरात त्या टाचणीचे मोल कमी लेखता येणार नाही. आपल्याकडे १९७० नंतरच्या दशकात ‘ग्रंथाली’ने ‘वाचक चळवळ’ हा शब्द रूढ केला, तो या सर्व खटाटोपाला नेमका लागू पडतो.

पुस्तक देण्या-घेण्याचा हा अधिकार वाचकाला आहे काय, असा प्रश्न कोणी विचारील. १९०८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे तो आला होता. एका प्रकाशकाने कादंबरीवर छापले होते की, एका डॉलरहून कमी किमतीस ती विकण्याची कोणाही दुकानदारास मुभा नाही. मेसी या दुकानाने ती ८९ सेंटांना विकली. न्यायालयाने निर्णय दिला तो असा की, प्रत एकदा विकली की तिच्यावरचा प्रकाशकाचा ताबा संपला. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानेही, एकदा लोकांत गेलेल्या प्रतींचा पुढचा प्रवास लेखक-प्रकाशकाच्या हक्कातून वगळला आहे. मात्र छापील पुस्तकाला लागू असलेली ही मोकळीक पडद्यावर वाचावयाच्या पुस्तकाला सहसा नसते. ते आपण विकत घेत नाही, वाचण्याचा परवाना घेतो, आणि परवाना दुसऱ्याच्या हाती देता येत नाही. हे जाणून तरी कागदी प्रती जपाव्या.

या कादंबरीवरचे वाद मिटलेले नाहीत. २०१५ मध्ये ‘गो सेट अ वॉचमन’ हे हार्पर ली यांचे आधी लिहिलेले हस्तलिखित प्रसिद्ध झाले आणि त्यात म्हातारा अ‍ॅटिकस वर्णभेदाचा पक्ष घेताना दिसला, तेव्हा कित्येक वाचकांना घरच्या वडीलमाणसाने दगा द्यावा तसे दुःख झाले. २०१७ मध्ये मिसिसिपीतल्या बिलॉक्सी येथील शाळांनी मूळ कादंबरी आठव्या इयत्तेच्या वाचनातून काढली, कारण तिच्यातली अपमानकारक भाषा. त्याच्या पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीने सर्वांत आवडती कादंबरी कोणती असा कौल घेतला आणि वाचकांनी हीच निवडली. मुलांना ती देताना सोबत कॅल्पर्नियाविषयी बोलावे, तिच्या बाजूने कथा कशी झाली असती असे त्यांना विचारावे. पण द्यावी जरूर.

आपल्या आळीत, कचेरीत, नात्यात एखादा तरी असा बाप असतो, ज्याची बायको गेली आहे किंवा निघून गेली आहे आणि जो पहाटे उठून डबा भरून मग कामाला जातो. त्याला काय बोलावे हे आपल्याला सुचत नाही. लोक त्याला दुसरे लग्न सुचवितात, मुलांना मावशीकडे ठेव म्हणतात, किंवा काही न बोलता बाजूने निघून जातात. त्याच्याकडे जाल तेव्हा हे पुस्तक घेऊन जा. सांत्वनाचे शब्द बोलू नका, परत करण्याची मुदत घालू नका. उशाशी बसलेल्या बापाच्या पानाचा कोपरा तेवढा दुमडून ठेवा आणि वाचून झाल्यावर पुढे कोणाला तरी दे, इतकेच सांगा.